४०१केचे पैसे गोल्ड आयआरएत नेताय? आधी चेकवरचं नाव बघा, मग मोडीचा भाव विचारा

नवऱ्याने छप्पन्नाव्या वर्षी नोकरी सोडली आणि दोन महिन्यांनी जुन्या ४०१के वाल्यांकडून, म्हणजे नोकरीतलं रिटायरमेंट खातं सांभाळणाऱ्या कंपनीकडून, घरी एक जाडसर पाकीट आलं, त्यातून चेक निघाला. रक्कम बघून माझ्या पोटात गोळाच आला, कारण फोनवर आम्ही तीनदा सांगितलं होतं की पैसे थेट नव्या आयआरएत, म्हणजे स्वतः उघडलेल्या रिटायरमेंट खात्यात, जाऊ देत, आमच्या हातात नकोत, मग चेक घरी कसा आला? चष्मा लावून 'पे टू द ऑर्डर ऑफ'ची ओळ परत नीट वाचली. तिथे आधी नव्या कस्टोडियनचं, म्हणजे नवं खातं सांभाळणाऱ्या ट्रस्ट कंपनीचं, नाव होतं, पुढे एफबीओ अशी तीन अक्षरं आणि त्यापुढे नवऱ्याचं नाव. एफबीओ म्हणजे फॉर द बेनिफिट ऑफ, अमक्याच्या खात्यासाठी. ते वाचलं तेव्हा जीव भांड्यात पडला. चेक टपालाने आपल्या घरी आला तरी तो कस्टोडियनच्या नावाचा असेल तर डायरेक्ट रोलओव्हरच (एका रिटायरमेंट खात्यातून पैसे थेट दुसऱ्यात) धरला जातो, आपण फक्त तो पुढे पाठवायचा.

आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या बाबतीत मात्र चेक त्यांच्या स्वतःच्या नावाने आला होता. १ लाख डॉलर काढले, हातात आले ८० हजार, कारण ४०१के मधून पैसे तुमच्या नावाने दिले की २० टक्के टॅक्स आधीच कापून आयआरएसकडे, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याकडे, पाठवणं प्लॅनला बंधनकारक आहे, तुम्ही नको म्हणालात तरी चालत नाही. आता पूर्ण १ लाख रोलओव्हर झाले असं दाखवायचं तर ६० दिवसांच्या आत ते कापलेले २० हजार पदरचे घालून पूर्ण रक्कम नव्या खात्यात भरावी लागते, कापलेले पैसे परत मिळतात ते पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर. नाही भरले तर ते २० हजार तुम्ही खर्चाला काढले असं धरून त्यावर इन्कम टॅक्स, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर वर १० टक्के दंड. काकांनी मुलाकडून उसने घेऊन रक्कम पुरी केली. सगळं एका ओळीमुळे.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. इथे अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षं नोकरी करून पन्नाशी-साठीला आलेले आपले बरेच लोक सोन्याचा भाव बघून ४०१केचे पैसे सोन्यात, गोल्ड आयआरएत, न्यायची चौकशी करायला लागलेत, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये औंसाला ४ हजार डॉलरच्या वर गेला तेव्हापासून तर जास्तच, आणि टीव्हीवरच्या जाहिराती बघून पहिला फोन थेट डीलरला करतात. मी सल्लागार नाही, पण ही वाट आम्ही दोघं स्वतः चाललोय, प्रत्येक फॉर्म मी हाताने भरलाय. माझ्या मते यात माणसाचं नुकसान सोन्यामुळे फार कमी होतं, ते होतं दोन जागी, पैसे हलवतानाच्या कागदात आणि नाणं विकत घेतानाच्या भावात.

हे सोनं असतं कुठे

कायद्यात 'गोल्ड आयआरए' नावाचं वेगळं काही नाहीये. ती साधी आयआरएच असते, फक्त सेल्फ-डायरेक्टेड, म्हणजे फंड-शेअरच्या पलीकडची गोष्ट ठेवू देणारी. त्यात तीन वेगवेगळ्या पार्ट्या येतात आणि लोकांचा घोळ इथेच होतो. कस्टोडियन म्हणजे बँक किंवा आयआरएसने मान्यता दिलेली ट्रस्ट कंपनी, खातं तिच्याकडे. डीलर म्हणजे नाणी-बिस्किटं विकणारा, आपल्या भाषेत सराफ. आणि डिपॉझिटरी म्हणजे तिजोरीवाला, जिथे माल प्रत्यक्ष पडून असतो, डेलावेअर, टेक्सास, युटा अशा ठिकाणी. जाहिरात करतो तो बहुतेक वेळा डीलर, आणि तो सगळं आम्हीच करून देतो म्हणतो, त्यामुळे माणसाला वाटतं ही एकच कंपनी आहे.

काय ठेवता येतं ते कायद्याने ठरलेलं आहे. १९८१ मध्ये काँग्रेसने आयआरएत सोनं-नाणी-चित्रं असल्या संग्रहाच्या वस्तू घेण्यावर बंधन आणलं, घेतल्या की तेवढे पैसे खात्यातून काढले असं धरायचं. मग १९८६ मध्ये अमेरिकन ईगल नाण्यांना सूट मिळाली आणि १९९७ च्या कायद्याने ठरावीक शुद्धतेच्या बिस्किटांनाही. सोनं ९९.५ टक्के, चांदी ९९.९, प्लॅटिनम आणि पॅलेडियम ९९.९५. यात एक गंमतीचा अपवाद आहे. अमेरिकन गोल्ड ईगल २२ कॅरेटचं असतं, शुद्धतेत बसत नाही, पण कायद्यात त्याचं नाव घेऊन सूट दिलीय म्हणून चालतं, आणि तितक्याच २२ कॅरेटचं दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड चालत नाही. आपल्या आजीच्या पेटीतली गिन्नी, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन, तीही २२ कॅरेटची, तीही चालत नाही. कॅनडाचं मेपल लीफ, अमेरिकन बफेलो ही चोख नाणी चालतात.

आणि हो, घरातलं सोनं या खात्यात टाकता येत नाही. मला दोन-तीन जणींनी विचारलं की लॉकरमधल्या पाटल्या, गोठ, भारतातून आणलेली वेढणी ठेवून टॅक्सची सूट मिळेल का. नाही. दागिने मुळात बसतच नाहीत, आणि स्वतःकडचं मान्य नाणं असलं तरी ते आपल्याच आयआरएला देणं-विकणं बंद आहे. खात्यात रोख पैसे जातात, त्या पैशातून खातं माल घेतं.

मापाचं एकदा डोक्यात बसवून घ्या कारण इथे सगळं ट्रॉय औंसात चालतं. एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने ते बरोब्बर २ तोळे ८ मासे होतात, आणि आजचे सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात त्या हिशोबाने ३ तोळ्यांच्या किंचित वर.

हलवायच्या आधी थांबा

पहिला प्रश्न, तुमचे पैसे हलू शकतात का. सोडलेल्या नोकरीतला ४०१के हलतो. चालू नोकरीतला बहुतेक प्लॅन साडेएकोणसाठच्या आधी हलवू देत नाहीत, नंतरही प्लॅनच्या नियमात असेल तरच. एचआरला विचारून वेळ घालवू नका, प्लॅन सांभाळणाऱ्या कंपनीच्या नंबरवर फोन करा आणि 'इन-सर्व्हिस डिस्ट्रिब्युशन' आहे का एवढंच विचारा.

दुसरा, जो आमच्या घरी सगळ्यात महत्त्वाचा ठरला. ज्या वर्षी तुम्ही ५५ पूर्ण करता त्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सुटली तर त्याच कंपनीच्या ४०१के मधून पैसे काढायला तो १० टक्के दंड लागत नाही, टॅक्स फक्त. तेच पैसे आयआरएत नेले की ही सवलत गेली, परत साडेएकोणसाठची वाट बघा. नवरा ५६ चा, मुलीचं शेवटचं वर्ष कॉलेजचं बाकी, पुढची नोकरी कधी लागेल माहीत नाही. डीलरच्या माणसाने फोनवर सगळीच रक्कम हलवा म्हणून लकडा लावला होता, हा नियम त्याने एकदाही काढला नाही. आम्ही तीन वर्षांच्या खर्चाला पुरेल तेवढं ४०१के मध्येच ठेवलं आणि उरलेल्यातला थोडा भाग हलवला. तुमचा प्लॅन थोडे-थोडे पैसे काढू देतो का हे मात्र आधी बघा, काही प्लॅन एकदम सगळं काढा म्हणतात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. ४०१केवर कर्ज घेतलेलं असेल तर खातं हलवताना ते फेडलं नाही म्हणून रकमेतून वळतं होतं आणि टॅक्स बसू शकतो, आधी निकाली काढा. रॉथ ४०१के, म्हणजे टॅक्स भरून झालेले पैसे घातलेला, असेल तर तो रॉथ आयआरएतच जातो, साधा साध्यात, दोन वेगळी खाती उघडावी लागतात. वय ७३ झालं असेल तर त्या वर्षीची सक्तीची रक्कम, आरएमडी, आधी काढावी लागते, ती रोलओव्हर होत नाही. काही प्लॅनमध्ये नवरा-बायकोची सही नोटरीसमोर लागते. कंपनीचे स्वतःचे शेअर ४०१के मध्ये असतील तर सीपीएला, म्हणजे इथल्या टॅक्सच्या हिशोबनीसाला, विचारल्याशिवाय हात लावू नका, त्यांचा टॅक्सचा हिशोब वेगळा आहे. आणि देणेकऱ्यांपासून ४०१केला फेडरल कायद्याचं जे संरक्षण आहे तसंच आयआरएला असेल असं नाही, ते तुमच्या राज्यावर आहे, स्वतःचा धंदा असलेल्यांनी हे बघाच.

आता एक प्रामाणिकपणे सांगते. तुम्हाला फक्त सोन्याच्या भावाचा फायदा हवा असेल, माल तिजोरीत आहे की नाही याने फरक पडत नसेल, तर हे सगळं करायची गरजच नाही. साध्या ब्रोकरकडच्या रोलओव्हर आयआरएत जीएलडी किंवा आयएयू सारखा सोन्याचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा विकत मिळणारा फंड, घ्या, वर्षाचा खर्च अनुक्रमे ०.४० आणि ०.२५ टक्के, विकायचं म्हटलं तर एका मिनिटात विकलं जातं. माझ्या भावाने तेच केलं आणि त्याच्यासाठी तेच बरोबर होतं. आम्ही धातू घेतला कारण नवऱ्याला काही हिस्सा तरी शेअर बाजाराच्या आणि ब्रोकरच्या बाहेर, नावाने मोजून ठेवलेला हवा होता. पण तोही एकूण रिटायरमेंटच्या दहा टक्क्यांच्या आत. सोनं व्याज देत नाही, डिव्हिडंड देत नाही. जानेवारी १९८० मध्ये ते ८५० डॉलरला गेलं होतं, १९९९ मध्ये २५० च्या आसपास आलं, आणि परत ८५० दिसायला २००८ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं, महागाई सोडून. २०११ मध्ये १,९०० ला घेतलेल्यांनी २०१५ च्या शेवटी १,०५० बघितलं. आपल्याला पाडवा-दसऱ्याला गुंजभर का होईना घ्यायची सवय असते, ते सोनं आपण विकत नाही म्हणून त्याचा उतार आपल्याला टोचत नाही. हे सोनं सत्तरीत विकून खायचं आहे, तेव्हा उतार टोचतो.

कस्टोडियन आधी, डीलर नंतर

जाहिरातवाले उलटं करतात, आधी डीलर आणि तो सांगेल तो कस्टोडियन. तुम्ही कस्टोडियन स्वतः शोधा. आयआरएस आपल्या साइटवर मान्यता दिलेल्या बँकेतर ट्रस्टींची यादी ठेवते, त्यात नाव आहे का बघा. फीचा कागद मागा, फोनवरचं बोलणं नको. तीन आकडे लिहून घ्यायचे, खातं उघडायचे, वर्षाचे, आणि तिजोरीचे. शिवाय विक्रीला, वायरला, खातं बंद करायला किती. फी ठरावीक रकमेची आहे की खात्याच्या टक्क्याने आहे हे विचारा, भाव वाढला की टक्केवाली फी पण वाढते.

समजा वर्षाचे सगळे मिळून २५० डॉलर होतात. १ लाखाच्या खात्यावर ते पाव टक्का झाले, आयएयू इतकेच. पण २० हजाराच्या खात्यावर तेच सव्वा टक्का झाले, दरवर्षी, व्याज न देणाऱ्या वस्तूवर. माझ्या मते २०-२५ हजाराच्या खाली असेल तर ईटीएफच घ्यावा.

अजून एक, कस्टोडियन तुमचा पहारेकरी नाहीये. तुम्ही चुकीचं नाणं दुप्पट भावाने घ्यायला सांगितलं तरी तो मुकाट्याने घेतो, भाव बरा की वाईट हे बघणं त्याचं काम नाही, तसं त्याच्या फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं आणि खाली आपली सही असते.

खातं उघडायचा फॉर्म सोपा आहे, फक्त वारसाचा कॉलम घाईत सोडू नका. ४०१के मध्ये बायको किंवा नवरा कायद्याने आपोआप वारस असतो, आयआरएत फॉर्मवर जे नाव तेच, मृत्युपत्रात काही का लिहिलेलं असेना.

फोन, फॉर्म आणि तो चेक

नवं खातं उघडलं, नंबर मिळाला, की मगच जुन्या प्लॅनला फोन. फोन करताना समोर कागद ठेवा, त्यावर नव्या कस्टोडियनचं पूर्ण नाव, पत्ता, खाते नंबर. बोलायचं एवढंच, मला डायरेक्ट रोलओव्हर हवाय, चेक कस्टोडियनच्या नावाने एफबीओ माझं नाव, आणि मेमोत खाते नंबर. बऱ्याच प्लॅनना नव्या कस्टोडियनचं पत्र लागतं की आम्ही ही रक्कम स्वीकारू, लेटर ऑफ अॅक्सेप्टन्स, ते कस्टोडियन मागितलं की देतो. समोरच्या माणसाला शेवटी एकदा वाचून दाखवायला सांगा की चेकवर काय छापणार. आमच्या पहिल्या फोनला त्या मुलीने 'पेड टू पार्टिसिपंट', म्हणजे चेक खातेदाराच्याच नावाने, असं नोंदवलं होतं, वाचून दाखवलं म्हणून कळलं, तिथेच दुरुस्त झालं. कॉलचा रेफरन्स नंबर वहीत लिहा.

'गोल्ड' हा शब्द जुन्या प्लॅनला सांगायची गरज नाही, त्यांच्यासाठी हा एका आयआरएत जाणारा रोलओव्हर आहे बस.

तुमच्या प्लॅनमधले फंड आधी विकले जातात आणि रोख होऊन निघतात, म्हणजे चेक पोहोचेपर्यंत तुम्ही ना शेअरमध्ये ना सोन्यात. आम्हाला या सगळ्याला साधारण तीन आठवडे लागले. त्या दिवसांत भाव इकडे-तिकडे झाला म्हणून हळहळत बसू नका. चेक आला की फोटो काढा आणि ट्रॅकिंगवाल्या टपालानेच पाठवा.

४०१के नसून आधीचीच आयआरए हलवायची असेल तर 'रोलओव्हर' नको, 'ट्रान्सफर' म्हणा, कस्टोडियन ते कस्टोडियन. त्यात पैसे तुमच्याकडे येतच नाहीत आणि कितीही वेळा करता येतं. स्वतःच्या हातात घेऊन ६० दिवसांत दुसऱ्या आयआरएत भरायचा प्रकार मात्र बारा महिन्यांत एकदाच चालतो, तुमच्या सगळ्या आयआरए मिळून एकदा. दुसऱ्यांदा केलात तर ती रक्कम सरळ उत्पन्न धरतात. रोलओव्हरच्या रकमेला आयआरएत वर्षाला भरायच्या मर्यादेचं बंधन नाही, ती मर्यादा नव्याने घातलेल्या पैशांना आहे.

मजुरी आणि मोड

आता खरी जागा. पैसे खात्यात रोख पडलेत, आणि तुम्ही डीलरला फोन करताय.

आपण सराफाकडे बांगड्या करायला जातो तेव्हा आई काय विचारायची, आजचा भाव काय, मजुरी किती, आणि उद्या मोडायला आणली तर घट किती धरणार. नेमके हेच तीन प्रश्न इथे विचारायचे. भाव म्हणजे स्पॉट, तो फोनवर कुठेही दिसतो. मजुरी म्हणजे प्रीमियम, स्पॉटच्या वर डीलर किती लावतो ते. आणि मोड म्हणजे बायबॅक, हेच नाणं आज या मिनिटाला तुम्ही माझ्याकडून परत घेतलंत तर किती देणार. तिसरा प्रश्न ऐकला की काही लोक गडबडतात, विषय बदलतात, डॉलर कसा बुडणार ते सांगायला लागतात. जो दोन्ही आकडे एका दमात सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आम्ही पाकिटाच्या मागे हिशोब मांडला होता तसाच गोल आकड्यात मांडते. समजा स्पॉट ४,००० आहे. साधं एक औंसाचं ईगल ४,१८० ला मिळतंय आणि डीलर ते ३,९८० ला परत घेतो. फरक २००. त्याच वेळी तो तुम्हाला 'खास' प्रूफ नाणं, म्हणजे आरशासारखं चकचकीत छापलेलं, मर्यादित आवृत्ती, लाकडी डबीतलं, ५,६०० ला देऊ करतो, सोनं तेवढंच, एक औंस, आणि परत घ्यायचा भाव विचारला तर ४,०००. तुमच्याकडे ५६ हजार आहेत. खास नाणी आली १०. साधी आली १३ आणि १,६६० डॉलर हातात राहिले. दुसऱ्या दिवशी दोन्ही मोडलीत तर खास नाण्यांचे ४० हजार, आणि साध्यांचे ५१,७४० अधिक ते १,६६०, म्हणजे ५३,४००. एका फोनमध्ये १३,४०० चा फरक. सोन्याचा भाव एक पैसाही हललेला नाही.

हे मी कल्पनेने घाबरवत नाहीये. सप्टेंबर २०२० मध्ये सीएफटीसी, म्हणजे वायदेबाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था, आणि ३० राज्यांनी मिळून कॅलिफोर्नियातल्या एका मेटल डीलरवर खटला भरला, त्यात म्हटलं होतं की किमान १,६०० लोकांकडून, त्यातले बहुतेक वयस्कर, १८५ मिलियन डॉलरच्या वर उकळले, आणि बरेचसे पैसे रिटायरमेंटच्या खात्यांतले होते. लोकांना कळलंच नाही की घेतल्या क्षणी निम्म्याहून जास्त किंमत गेली.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं असतं, ते ओळखून ठेवा. १९३३ मध्ये सरकारने लोकांचं सोनं जमा करून घेतलं होतं, परत घेईल, पण दुर्मिळ नाण्यांना हात लावणार नाही, म्हणून हीच घ्या. १९३३ चा हुकूम खरा आहे, रूझवेल्ट साहेबांच्या वेळचा, औंसाला २०.६७ डॉलर देऊन सोनं जमा केलं, दुर्मिळ नाण्यांना त्यात सूटही होती, आणि सामान्य माणसाला परत मोकळेपणाने सोनं ठेवता आलं ते १९७४ च्या शेवटी. पण आज छापलेलं प्रूफ नाणं हे दुर्मिळ नाणं नव्हे. दुसरं बोलणं 'फुकट चांदी'चं, इतके भरलेत तर एवढी चांदी मोफत. ती चांदी तुमच्याच नाण्याच्या मजुरीतून आलेली असते. तिसरं, आजच्या आज ठरवा. पैसे खात्यात आहेत, ते कुठे पळत नाहीत, दोन दिवस थांबा आणि तीन डीलरांना एकाच तासात एकाच नाण्याचा भाव विचारा. नाणं एकच, तास एकच, नाहीतर तुलना होत नाही.

आम्ही काय घेतलं ते सांगते, एक औंसाची ईगल आणि थोडी पाव औंसाची. लहान नाण्यावर मजुरी टक्क्यात जास्त पडते, तरी थोडी घेतली, त्याचं कारण पुढे येतं. मोठं बिस्किट घेतलं तर मजुरी सगळ्यात कमी, पण विकताना अर्धं विकता येत नाही. चांदी घ्यायची तर लक्षात ठेवा, ती त्याच पैशात कितीतरी जागा खाते, तिजोरीची फी कशावर लावतात ते विचारून घ्या.

भाव ठरला की कस्टोडियनच्या फॉर्मवर, त्याला ते डायरेक्शन लेटर म्हणतात, नाण्याचं पूर्ण नाव, संख्या, एका नगाचा भाव आणि एकूण रक्कम भरून सही करायची. हा फॉर्म डीलर भरून पाठवतो आणि फक्त सही करा म्हणतो. ओळ न ओळ वाचा. आमच्या फॉर्मवर 'गोल्ड ईगल'च्या पुढे 'प्रूफ' हा एक शब्द टाइप केलेला होता, फोनवर तो कुणी उच्चारला नव्हता. मी सही न करता परत पाठवला, दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन आला, भाव पण बदलून. आणि सगळी रोकड सोन्यात घालू नका, दोन-तीन वर्षांच्या फीइतके पैसे खात्यात रोख ठेवा, नाहीतर फी भरायला नाणं विकायची वेळ येते.

तिजोरी

डिपॉझिटरीत दोन प्रकार, वेगळं ठेवलेलं आणि एकत्र ठेवलेलं. वेगळ्यात तुमचीच नाणी तुमच्या नावाच्या खणात, परत मिळतील ती तीच. एकत्रात तुम्हाला त्याच जातीची तेवढीच नाणी मिळतात. साध्या ईगलला एकत्र चालतं, फी कमी. नंबर छापलेली बिस्किटं असतील तर वेगळं घ्या. या मालाला बँकेच्या ठेवीचा किंवा ब्रोकरच्या खात्याचा सरकारी-निमसरकारी विमा लागू होत नाही, डिपॉझिटरीचा खाजगी विमा असतो, त्याचा कागद मागून घ्या.

आपल्या लोकांना सगळ्यात मोह होतो तो 'घरीच ठेवा'वाल्या जाहिरातीचा, एक एलएलसी, म्हणजे छोटी खाजगी कंपनी, काढा, आयआरएने ती घ्यायची, एलएलसीने नाणी घ्यायची, नाणी तुमच्या कपाटात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये टॅक्स कोर्टात ऱ्होड आयलंडच्या एका जोडप्याचं अगदी हेच प्रकरण निकाली निघालं. नाणी घरच्या तिजोरीत, कोर्टाने सांगितलं की मालावर तुमचाच मोकळा ताबा आहे म्हणजे तुम्ही पैसे काढलेत, भरा टॅक्स. तेव्हा ही गोष्ट मनातून काढून टाका, स्वतःच्या बँक लॉकरची पण.

पहिलं स्टेटमेंट आलं की फॉर्मवरची संख्या, डीलरचं बिल आणि डिपॉझिटरीची पावती हे तीन कागद शेजारी ठेवून नगाने नग मोजा.

टॅक्सच्या वेळी

पुढच्या जानेवारीत जुन्या प्लॅनकडून १०९९-आर, म्हणजे खात्यातून बाहेर गेलेल्या रकमेचा फॉर्म, येतो. साध्या ४०१केचा असेल तर सातव्या खान्यात 'जी' अक्षर हवं, त्याचा अर्थ डायरेक्ट रोलओव्हर, आणि करपात्र रकमेच्या खान्यात शून्य. हा फॉर्म आला म्हणजे टॅक्स लागला असं समजून कुणी घाबरू नये, आणि कुणी रिटर्नमध्ये दाखवायचं विसरू पण नये. १०४० वर, म्हणजे रिटर्नच्या मुख्य फॉर्मवर, ५ए ओळीत पूर्ण रक्कम, ५बी मध्ये शून्य, आणि रोलओव्हरची खूण. 'जी'च्या ऐवजी दुसरं काही दिसलं तर रिटर्न भरायच्या आधी प्लॅनकडून दुरुस्त करून घ्या. मे अखेरीला कस्टोडियनकडून ५४९८ नंबरचा फॉर्म येतो, त्यात आत आलेली रक्कम असते, तो फक्त फाइलला लावायचा.

त्र्याहत्तरीनंतर

वय ७३ झालं की दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते, १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना ७५ पासून. हिशोब मागच्या ३१ डिसेंबरच्या किमतीवर. खात्यात १ लाख ६ हजाराचं सोनं असेल तर ७३ व्या वर्षी २६.५ ने भागायचं, ४ हजार झाले. नाणं विकून पैसे घेता येतात किंवा नाणंच घरी मागवता येतं, त्या दिवशीची किंमत उत्पन्नात धरून. ४ हजाराचं एक नाणं असेल तर बरोबर बसलं, पण रक्कम ४,९०० आली तर दोन अख्खी नाणी काढावी लागतात, म्हणून ती पाव औंसाची नाणी. ज्यांची दुसरी साधी आयआरए आहे त्यांना सोपं पडतं, सगळ्या आयआरएंची मिळून रक्कम एकाच आयआरएतून काढता येते, सोन्याला हात लावावा लागत नाही.

शेवटी परत भारतात, पुण्याला-कोल्हापूरला, जायचा बेत असलेल्यांसाठी. खातं इथेच राहतं, पण कस्टोडियन भारतातला पत्ता चालवून घेतो का हे निघायच्या आधी लेखी विचारा. घरी मागवलेलं नाणं अमेरिकेतल्या पत्त्यावर येतं असं धरून चाला, तिकडे नेताना कस्टमचा विषय वेगळा. भारतात रहिवासी झाल्यावर या खात्यातल्या वाढीवर कधी टॅक्स लागतो त्यासाठी २०२१ च्या अर्थसंकल्पात ८९ए हे कलम आणलं, त्याचा ठरलेला फॉर्म (तेव्हाचा १०-ईई) वेळेत भरावा लागतो. इकडचा सीपीए आणि तिकडचा सीए दोघांना एकाच वेळी फोनवर घ्या, आम्ही तसं केलं. आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता चार ओळी आहेत, कस्टोडियनचा नंबर, डिपॉझिटरीचं नाव, नाण्यांची संख्या, आणि मोडायची वेळ आली तर कुठल्या तीन डीलरांना भाव विचारायचा. मुलीला ती फाइल कुठल्या कप्प्यात आहे ते दाखवून ठेवलंय.